भिलाईच्या तीन गच्च्या आणि किसनची कबुतरं

किसनचा फोन आला तेव्हा मी वालाच्या शेंगा सोलत होते. किसन माझा धाकटा भाऊ. भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे यार्डात डबे जोडण्यात आणि तोडण्यात त्याचं आयुष्य गेलं, आता रिटायर होऊन तिथेच घर बांधून राहतो. फोनवर लांबण लावायची त्याला सवय नाही. म्हणाला, "ताई, भिलाईले ये. येताना डोळे घेऊन ये."

"डोळे घरी ठेवून मी कुठं जातो का रे?"

"मस्करी नको करू. मले वरचं दिसत नाही आता."

किसनला काचबिंदू आहे हे आम्हाला माहीत होतं. समोरचं माणूस ओळखतो, ताटातलं मीठ शोधतो, पण गच्चीवर उभं राहून मान वर केली की त्याला नुसता पांढरा उजेड दिसतो. दुसऱ्या कुणाचं एवढ्यानं काही अडलं नसतं, देव वर असतो तो तसाही कुणाला दिसत नाही. किसनचं अडलं, कारण त्याच्याकडे रोलर कबुतरं आहेत.

रोलर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही पुढचं सगळं चहा पीत पीत ऐकाल आणि शेवटी विचाराल की कबुतरं कुठं गेली. ही दिसायला आपल्या खिडकीवर घाण करणाऱ्या कबुतरांसारखीच, जरा लहान. थव्यानं उडतात. उडता उडता मध्येच मागच्या मागे गुलाट्या घेत खाली येतात. एक नाही, सलग. याला कबुतरवाले लोटणं म्हणतात. गरगर फिरणाऱ्या गोळ्यासारखी दोन-तीन माड्या खाली पडतात, सावरतात आणि पुन्हा वर थव्यात जातात. का करतात? किसनला चाळीस वर्षांत समजलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तू बोलता बोलता मध्येच कायले हसते? तसंच."

तर फाल्गुनात भिलाईतल्या कबुतरवाल्यांची स्पर्धा होती. जज एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जातो आणि ज्याची त्याची कबुतरं त्याच्या त्याच्या घरी उडतात. किसनची कबुतरं यंदा शेवटची उडणार होती, त्यानंतर तो ती देऊन टाकणार होता. कुणाला, ते ठरवायचं होतं. त्याच्या मनात होतं, ज्याची कबुतरं सगळ्यात चांगली लोटतील त्याच्या हाती आपली द्यायची, म्हणजे वंश चांगल्या घरी जाईल. पण चांगली कोणाची, हे पाहायला डोळे नाहीत.

"तिथल्या लोकाईले विचार ना," मी म्हटलं.

"ते आपापल्या माणसाचं सांगतात. तुले कबुतरातलं काही समजत नाही. म्हणून तू खोटं बोलणार नाहीस."

इतका मान मला आजवर कुणी दिला नव्हता. मी शेंगा सुनेच्या पुढ्यात सरकवल्या आणि पिशवी काढली.

हे सगळं माझी नात पल्लवी मोबाइलवर बोटं आपटून उतरवते आहे. मला अक्षर येत नाही. मागच्या वेळी आमच्या ब्लॉगवर कुणीतरी विचारलं, आजी फोटो का टाकत नाहीत? फोटोत माझं तोंड बंद असतं, म्हणून. पल्लवी बँकेतली सुट्टी टाकून सोबत आली. तिला वाटत होतं ती मला सांभाळायला येते. तिचा चार्जर आमच्या गोंदियाच्या फलाटावर राहिला होता, तो मी उचलला.

गोंदियाहून दुर्गकडे गाड्या दिवसभर असतात. जायचं तर फाल्गुनात जा आणि सकाळची गाडी धरा. सालेकसा सुटलं की दोन्हीकडे जंगल लागतं, पळस असा फुललेला की पान एक नाही. मग दरेकशाचा बोगदा. त्यात पोरं ओरडतात, मीही ओरडले, पल्लवीनं मला कोपर मारलं. डोंगरगडला अर्धी गाडी उतरते, कुणी टेकडीवरच्या देवीला, कुणी प्रज्ञागिरीच्या बुद्धाला. आम्ही खिडकीतूनच हात जोडले. दुर्गला उतरून लोकल घ्या, चरोद्याला सोडते. तिकीट इतकं स्वस्त की पल्लवीला वाटलं काहीतरी चुकलं. स्टेशनवर आलूगुंडा, म्हणजे बटाटेवडा, खायचा असेल तर आधी कढईतलं तेल बघा, मग माणसाचं तोंड बघा. दोन्ही काळं असेल तर पुढं चला.

किसन स्टेशनवर आला होता. लांबूनच "जयभीम ताई" म्हणाला. म्हटलं, "दिसते तर तुले." म्हणाला, "आवाज ऐकला. पल्लवीले शिव्या कोण देऊन राह्यलं, ते समजते."

त्याची बायको शकुन. तिनं आमच्यासाठी वडाभात केला होता आणि छत्तीसगढी फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या, वरून मोहरी आणि मिरचीची फोडणी. सोबत टमाटरची चटणी. भिलाईला येऊन फरा न खाता परत जाल तर मला सांगू नका. जेवताना शकुन म्हणाली, "चाळीस वर्षं मी त्या कबुतराईची घाण काढून राह्यली. गेली म्हणजे गच्चीवर पापड वाळवीन." किसननं भात दुसऱ्यांदा घेतला नाही.

संध्याकाळी गच्चीवर माझी शाळा भरली. आयुष्यातली पहिलीच. किसन म्हणाला, एकटं कबुतर कितीही खोल लोटलं तरी जज मोजत नाही. पाच किंवा जास्त एकाच वेळी लोटली पाहिजेत. त्याला ते 'ब्रेक' म्हणतात. मला काही उमजेना. मग त्यानं शकुनचं सूप आणायला लावलं, त्यात गहू घातला आणि म्हणाला, "पाखड." मी पाखडलं. "सगळा गहू एका झटक्यात वर जाते, एका झटक्यात खाली येते ना? तसं. अन् एकेक दाणा उडत असन, तर ते काही पाखडणं नोहे."

हे समजायला मला अर्धं सूप पुरलं. दुसरी गोष्ट वेगाची. चांगलं कबुतर लोटताना पंख दिसत नाहीत, नुसता गोळा दिसतो. हलकं असेल तर दोरीवरून कपडा पडल्यासारखं फडफडत येतं. आणि लोटून झालं की लगेच थव्यात परत गेलं पाहिजे. "गंमत करून घरी येते ते चांगलं," किसन म्हणाला. मी म्हटलं, "हे मी आमच्या घरातल्या माणसाले जन्मभर सांगतलं."

माझे डोळे चांगले आहेत, हे सांगायला हवं. शिबिरात दोन्हीकडे नवी भिंगं बसवून घेतली आहेत. आणि लहानपणी ज्वारीच्या वावरात माच्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकलायचं काम माझंच होतं. किसनला पाखरं हाकलायला बसवलं की तो त्यांना दाणे टाकायचा. म्हणून बाबांनी त्याला शाळेत घातलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ऑटो आला. अशा फिरण्याला ऑटो दिवसभरासाठी ठरवा, भाव आधी बोलून घ्या, नाहीतर प्रत्येक गच्चीपाशी तो मीटरसारखा वाढतो. पहिली गच्ची भिलाईतल्या कोहक्याची, बिसाहूची. बिसाहू स्टील प्लांटात ठेकेदाराकडे वेल्डिंग करतो, चाळिशीतला माणूस, स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. घर लहान, गच्चीवर जायला लोखंडी शिडी. माझ्या वयाच्या कुणी जाणार असेल तर साडी कमरेला खोचा आणि खाली पाहू नका. वर पोचल्यावर बिसाहू माझ्या पाया पडला. "आ दाई, बइठ," म्हणाला. तिकडे आईला दाई म्हणतात. त्यानं मला बसायला खाट दिली. कबुतरं पाहायला खाट सगळ्यात चांगली, आडवं पडून पाहता येतं. खुर्चीवर मान मोडते.

जज बंगालकडून आलेले, पांढरी टोपी, गळ्यात दुर्बीण. सगळे त्यांना जजबाबू म्हणत होते. त्यांनी नियम सांगितले, कुणी ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, ठरलेला वेळ संपेपर्यंत कबुतरं वरच राहिली पाहिजेत. वेळेआधी उतरली तर शून्य. बाकीचे कबुतरवालेही आले होते. तशी रीतच आहे, सगळे एकमेकांच्या गच्चीवर जातात, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की जजनं पक्षपात केला. रिसालीचे रेड्डी साहेब त्यात होते. प्लांटात इंजिनियर, बोलायला गोड, हातात थर्मास.

बिसाहूनं खुराड्याचं दार उघडलं. कबुतरं उठली. किसन खाटेच्या कडेला माझा हात धरून बसला आणि मी हळूच त्याच्या कानात सांगू लागले.

"उडाली. टाकीवरून गेली. आता वळून राह्यली... दाट आहेत. एकमेकांना धरून आहेत. आता... पाखडली!"

त्यानं माझा हात दाबला. "किती?"

"अर्ध्याच्या वर."

"गोळा का कपडा?"

"गोळा. दोघं-तिघं कपडा."

जजबाबूंचं पेन हललं. पुन्हा पाखडली. पुन्हा. बिसाहू भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याची बायको शिडीच्या तोंडाशी पदर दाताखाली धरून. रेड्डी साहेब किसनला म्हणाले, "अंकल, लड़का तो जीत जाएगा." अर्धा वेळ झाला असेल, सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं.

आणि मला तो दिसला. निलगिरीच्या मागून राखाडी पाखरू निघालं. चार वेळा पंख मारले, मग पंख न हलवता सरकत आलं. पुन्हा चार वेळा, पुन्हा सरकलं. शेपटीवर पट्टे. वावरात ही चाल मी हजारदा पाहिली आहे. ही चाल दिसली की कोंबडीची पिल्लं आईखाली जातात.

"शिकरा!" मी खाटेवरून ओरडले. "अरे लेका, शिकरा आला!"

बिसाहूनं वर पाहिलं नाही. हे मला आजही दिसतं. त्यानं वर पाहिलंच नाही. हात घालून पिंजऱ्यातली दोन पांढरी लक्का कबुतरं गच्चीवर फेकली आणि दाण्यांचा डबा खडखड वाजवला. पांढरं कबुतर गच्चीवर दिसलं की वरच्यांना समजतं, दाणा पडला, उतरा. थवा पंख मिटून दगडासारखा खाली आला. बिसाहूनं सगळी आत घातली, मोजली, दार लावलं आणि मग कुठं मान वर केली.

जजबाबू घड्याळाकडे बघत होते. "समय बाकी था, भाई."

"हौ बाबू," बिसाहू म्हणाला. वेळेआधी उतरली, म्हणजे शून्य.

ते राखाडी पाखरू शेजारच्या कडुनिंबावर बसलं. शेपटी वरखाली केली, गळा फुगवला आणि ओरडलं. पेर्ते व्हा. पेर्ते व्हा. पेर्ते व्हा. दर वेळी आधीपेक्षा उंच आवाजात, म्हणजे कोहक्यातल्या बहिऱ्यालाही ऐकू जावं.

पावशा! कबुतराचं पीसही न उपटणारा, सुरवंट खाणारा पावशा. तो उडतो हुबेहूब शिकऱ्यासारखा, तसाच दिसतो. एवढं माहीत असून मी फसले. जजबाबूंनी दुर्बीण लावली आणि फार आदरानं म्हणाले, "माँजी, ये तो पपीहा है."

गच्चीवर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बिसाहूची बायको छत्तीसगढीत काहीतरी बोलली. काय, ते पल्लवी इथे लिहायला तयार नाही. थंडीभर नवरा पहाटे उठून कबुतरांच्या मागे लागला, पोरांच्या आधी त्यांना दाणे मिळाले, आणि कुठली गोंदियाची म्हातारी येऊन एका शब्दात सगळं खाली उतरवते! मी तिच्या जागी असते तर शिडी काढून घेतली असती.

मी बिसाहूला म्हटलं, "बाबा, माझी चूक झाली. तुझं नुकसान केलं मी."

तो माझ्या पायाशी उकिडवा बसला. "दाई, आज पपीहा रिहिस. काली बाज रही. तैं चिल्लाबे जरूर." आज पावशा होता, उद्या बहिरी ससाणा असेल, तू ओरडच. मग त्यानं बायकोला चहा ठेवायला सांगितलं. तिनं भांडं आपटलं, पण चहासोबत गरम चीलाही दिला, तांदळाच्या पिठाचं धिरडं. मी एकच तुकडा मोडला. किसननं दोन खाल्ले.

ऑटोत किसन म्हणाला, "ताई, पुढच्या गच्चीवर कावळा दिसला तर आधी मले सांग."

"तू बोलू नको. तुले तर हत्तीबी दिसला नसता."

"मले दिसला नसता," तो म्हणाला.

रिसाली म्हणजे नवीन घरं, रंग अजून ओला वाटावा अशी. रेड्डी साहेबांच्या गच्चीवर हिरवी जाळी, पंखे, आमच्यासाठी खुर्च्या आणि थंड ताक. खुराडं आमच्या गोंदियाच्या स्वयंपाकघराहून स्वच्छ. प्रत्येक कबुतराच्या पायात नंबराची कडी. साहेब घाबरलेले होते, रुमालानं सारखं कपाळ पुसत होते. मोठ्या माणसालाही पाखरापुढे घाम येतो, हे पाहून मला तो माणूस आवडला.

त्यांची कबुतरं कशी उडाली? तुम्ही दोरी गुंडाळून भोवरा सोडला आहे का कधी? जमिनीला लागल्यावर तो फिरताना थांबल्यासारखा दिसतो, इतका वेग असतो. तशी. आणि एकत्र! वर असताना थवा एका मुठीत धरल्यासारखा, मूठ उघडली की सगळी खाली, आणि पुन्हा मुठीत. मी किसनच्या कानात सांगता सांगता मध्येच थांबले.

"बोल ना ताई."

"तोंडात येऊन नाही राह्यलं, थांब जरा."

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातात पिळलेली चादर तशीच धरून उभी राहिली होती. वेळ संपला तेव्हा जजबाबूंनी टोपी काढली. या माणसाला कुणी हरवणार नाही, हे सगळ्यांना समजलं. मी किसनला खरं ते सांगितलं, "कोहक्याची चांगली. ही फार चांगली."

साहेबांनी आम्हाला जेवूनच जाऊ दिलं. पुळीहोरा, म्हणजे त्यांचा चिंचेचा भात, दहीभात, वर लोणचं. जेवताना किसनला म्हणाले, "अंकल, आपकी लाइन मेरे पास रहेगी तो नाम रहेगा. पिंजरा गाड़ी में रखा है." किसननं विचारलं, "जो नहीं लोटता, उसका क्या करते हो साहब?" ते म्हणाले, "दे देता हूँ, अंकल. सब रखूँगा तो जगह नहीं बचेगी." खरं बोलले. किसननंही आयुष्यभर तेच केलं आहे.

मला वाटलं, झालं, ठरलं. आणि मला जरा सुटल्यासारखंही झालं. बिसाहू जिंकत होता हे जर भावाला निवडीत धरायचं असतं, तर ती निवड मी बिघडवली असती. आता रेड्डी साहेबच पुढे होते, माझ्या पावशाचा त्यात काही हात नव्हता.

ऊन कलल्यावर चरोदा. किसनची गच्ची. खाली यार्डात डबे एकमेकांवर आदळतात, तो आवाज तिथे दिवसभर असतो. सगळे आले. बिसाहूही आला मोटरसायकलवर, शून्य मिळालेल्या माणसाला यायची गरज नव्हती. शकुननं जिन्यात चपलांचा ढीग पाहून म्हटलं, "एवढे पाव्हणे लग्नात नव्हते आले."

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल, मलाही त्याच दिवशी समजली. मोठं झालेलं कबुतर घर बदलत नाही. दुसऱ्याला दिलं तर त्यानं ते कोंडून ठेवायचं, त्याची पिल्लं काढायची. पिल्लं नव्या घरची होतात, ती उडतात. जुनं सोडलं की सरळ पहिल्या गच्चीवर येतं. म्हणजे किसनची ही कबुतरं आज उडणार होती आणि मग कधीच नाही. मी त्याला म्हटलं, "मग राहू दे ना इथंच." तो म्हणाला, "चल, बस. दार उघडतो."

कबुतरं उठली. किसननं चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. माझा हात धरला.

"खोटं नको बोलू, ताई."

"नाही बोलत."

"बोल."

"थवा फुटला आहे. दोन वेगळीच फिरून राह्यली, यार्डाकडं."

"ते म्हातारे हायेत. येतील."

"एक लोटलं. एकटंच."

"हो."

"आता दोन."

"हो."

वेळ जात होता. जजबाबूंचं पेन खिशातच होतं. मला वाटलं, एकदा पाखडली म्हणून सांगावं. कोण ओळखणार होतं? पण त्यानं मला गोंदियाहून बोलावलं ते खोट्यासाठी नाही. मी जे दिसलं ते सांगत राहिले, हे उडालं, हे बसल्यासारखं झालं, हे परत गेलं.

आणि मग यार्डाकडची ती दोन म्हातारी थव्यात शिरली. थवा वळला, उन्हात सगळ्यांची पोटं एकदम उजळली, आणि—मी बोललेच नाही. मला शब्द सुचला नाही. मी त्याच्या हातातला माझा हात वर नेला आणि बोटं सोडून दिली, सगळी एकदम, खाली, त्याच्या गुडघ्यापर्यंत.

"सगळी?" किसननं विचारलं.

"सगळी."

"गोळा?"

"एकबी कपडा नाही."

जजबाबूंनी पेन काढलं. पुढे आणखी काही झालं नाही, कबुतरं दमली होती. एक ब्रेक. त्या एका ब्रेकवर कुणी स्पर्धा जिंकत नाही. वेळ संपला, किसननं डबा वाजवला, आणि ती उतरली. त्यानं खुराड्याच्या दाराशी बसून एकेकाला हातात घेतलं, छातीच्या हाडावरून अंगठा फिरवला, आत सोडलं. डोळ्यांची गरज त्याला तिथे नव्हतीच.

रेड्डी साहेबांनी खालून पिंजरा आणवला. किसन उभा राहिला.

"साहब, आपके कबूतर सबसे अच्छे हैं. मेरी बहन ने बोला, वो झूठ नहीं बोलती." मग माझ्याकडे तोंड करून, "चुकते फक्त."

सगळे हसले. सकाळचं उरलेलं हसणं तेव्हा निघालं.

मग तो बिसाहूकडे वळला. चष्मा खिशातच होता, नेमका कुठं उभा आहे ते त्याला दिसत नव्हतं, बिसाहूचं हसणं आलं त्या बाजूला वळला. हिंदीत बोलायला लागला आणि मध्येच त्याचं आपलं मराठी सुरू झालं, "दोन वर्षं झाली, मी वरतं पाहतो अन् एकच भेव वाटते. शिकरा येईन अन् मले दिसणार नाही. डबा घेऊन बसून राहतो. तू आज वरतं पाह्यलंबी नाही. कुणी ओरडलं, बस, उतरवली. माझी तू ने."

बिसाहूला मराठी येत नाही. पण तो समजला. "कका, मोर घर जगा नइ हे," म्हणाला, काका, माझ्याकडे जागा नाही. आणि रडायलाच लागला, एवढा बाप्या.

मी रेड्डी साहेबांकडे पाहत होते. त्यांचं तोंड उतरलं होतं, ते काही खोटं नाही. ते पिंजऱ्याजवळ थोडा वेळ उभे राहिले, मग तो त्यांनी पायानं बिसाहूकडे सरकवला. "मोटरसाइकिल पे कैसे ले जाएगा? गाड़ी में रख. और सुन, पहला बच्चा मेरा."

"दू ठन लेबे साहेब," बिसाहू म्हणाला. दोन घ्या.

अशी किसनची कबुतरं, जिंकलेल्या माणसाच्या गाडीत बसून, हरलेल्या माणसाच्या घरी गेली. शकुन जिन्यात उभी होती. गाडी गेल्यावर म्हणाली, "पापड कोणाले खायचे आहेत एवढे?" आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. किसन स्टेशनपर्यंत आला. बक्षीस रेड्डी साहेबांना मिळालं, हे त्यानं फोनवर ऐकून सांगितलं, आणि खरंच खूश होता. गाडी हलताना म्हणाला, "ताई, त्या ब्रेकचं अजून एकदा सांग." मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि बोटं सोडली. पल्लवी ओरडली, "आजी, हाथ अंदर!"

भिलाईला बघण्यासारखं काय आहे, असं लोक विचारतात. प्लांट बाहेरून दिसतो, मैत्री बागेत वाघ आहे, पोरांना न्यायचं असेल तर न्या. पण कुणी कबुतरवाला ओळखीचा असेल तर त्याच्या गच्चीवर जा. टोपी न्या, पाणी न्या, आडवे पडा. आणि शिकरा दिसला तर ओरडा. खात्री करत बसू नका.

घरी येऊन आठ-दहा दिवस झाले असतील, किसनचा फोन. म्हणाला, एक परत आलं. बिसाहूच्या हातून निसटलं आणि कोहक्याहून सरळ चरोद्याला, बंद खुराड्यावर येऊन बसलं. "आता काय करू, ताई?"

मी म्हटलं, "दिलेली पोरगी माहेरी आली तर काय करतात? चार दिवस ठेवायची, गोडधोड घालायचं, अन् परत पाठवायची."

"नर हाय ना पण."

"मग जावई समज. दोनच दिवस ठेव."

बिसाहू येऊन घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आलं, पुन्हा गेलं. परवा मीच फोन केला. किसन तब्येतीचं बोलत होता, शकुनच्या गुडघ्याचं बोलत होता, पापड नीट वाळले नाहीत म्हणत होता. त्याच्या मागून पंखांची फडफड आली, अगदी जवळून, आणि शकुनचा आवाज, "अगं बाई, ताटात नाही, ताटात नाही!"

"कोण आलं रे?" मी विचारलं.

"टीव्ही चालू हाय," किसन म्हणाला.

बिसाहूला कळवलं का, ते मी विचारलं नाही. किसनला खोटं बोलायची सवय नाही, उगाच दुसऱ्यांदा बोलावं लागलं असतं.